आधी अक्षरं, मग डाळ-तांदूळ

प्रश्न : माझ्या नवऱ्याची कंपनीनं दोन वर्षांसाठी कोरियात सुवॉनला बदली केली आहे. तो गेल्या महिन्यात रुजू झाला, मी आणि आमची पाच वर्षांची मुलगी तीन महिन्यांनी जाणार. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. ती दोघं अंडं खातात, त्यापलीकडे काही नाही. सासूबाईंनी आत्तापासूनच पिठं, डाळी, मसाल्यांचे डबे भरायला घेतलेत. तिथला भात गिचका असतो, सगळ्यात मासळी असते, फोडणीच्या वासावरून शेजारी तक्रार करतात, असं काय काय कानावर येतं. काय न्यावं, काय ठेवावं? कुकर चालेल का? मुलीच्या शाळेतल्या जेवणाचं काय? आणि भाषा येत नसताना मी दिवसभर घरात काय करू?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर :

सासूबाईंना म्हणावं, जरा दमानं. हातात तीन महिने आहेत, तर त्यातले पहिले पंधरा दिवस डब्यांना न देता कोरियन अक्षरांना द्या. सल्ला उलटा वाटेल, पण कोरियात शाकाहारी माणूस फसतो तो ताटात दिसणाऱ्या गोष्टीनं नव्हे, न दिसणाऱ्या गोष्टीनं. मांसाचा तुकडा बाजूला काढता येतो, रश्श्यातलं सुक्या मासळीचं पाणी काढता येत नाही. ते एकतर पाकिटावर छापलेलं असतं किंवा विचारल्यावर कळतं. म्हणजे वाचता यायला हवं आणि विचारायला नेमका शब्द तोंडात हवा. पिठाचा डबा दोन महिन्यांत संपेल, अक्षरं दोन वर्षं पुरतील.

हांगुल ही लिपी राजा सेजोंगनं १४४६ साली जाहीर केली. मूळ व्यंजनं १४ आणि मूळ स्वर १०. बाराखडी गिरवलेल्या माणसाला तिची रचना परकी वाटत नाही: व्यंजनाला स्वर जोडायचा, गरज असेल तर खाली आणखी एक व्यंजन बसवायचं, की चौकोनात एक अक्षर तयार. ‘किम’ हा एक चौकोन, ‘ची’ हा दुसरा. रोज पाऊण तास दिलात तर आठ-दहा दिवसांत लेबलं अडखळत का होईना वाचता येतात. फक्त इंग्रजी स्पेलिंगच्या मार्गानं जाऊ नका, त्यानं उच्चार हमखास चुकतात. सरळ देवनागरीत टिपणं काढा. व्याकरणाचीही धास्ती नको. क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, आणि तू-तुम्ही-आपण असला मानापमानाचा हिशेब आपल्याला नवा नाही.

आता पाठ करायचे शब्द. म्योल्ची म्हणजे अँचोव्ही, ही बोटाएवढी सुकी मासळी. युक्सु म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी. घरोघरी आणि हॉटेलात ते बहुतेक वेळा म्योल्ची आणि समुद्री शेवाळ उकळून केलेलं असतं. एकजॉत म्हणजे मासळी मिठात मुरवून निघालेला पातळ अर्क, आणि सेउजॉत म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी. या शेवटच्या दोहोंपैकी एक तरी नेहमीच्या किमचीत बहुधा असतंच, त्यामुळे ‘किमची म्हणजे नुसता कोबी’ हा समज विमानातच सोडून द्या. सेंगसॉन म्हणजे मासे, हेमुल म्हणजे सगळं समुद्री खाणं. गोगी म्हणजे मांस, पण ‘गोगी नको’ एवढ्यानं भागत नाही. गोगी म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे मांसाचे तुकडे येतात. हॅमची पट्टी, माशाची वडी, रस्सा हे त्याच्या हिशेबात धरलेलं नसतं. तो लबाडी करत नसतो, तुमचा प्रश्न अपुरा असतो. म्हणून वाक्य असं ठेवा: ‘गोगी, सेंगसॉन, हेमुल मोत मॉगॉयो’, म्हणजे मी मांस, मासे, समुद्री पदार्थ खाऊ शकत नाही. त्यापाठोपाठ ‘म्योल्ची युक्सु तुरॉगायो?’, म्हणजे यात म्योल्चीचं पाणी पडतं का? वाढण्याआधी काही वगळायला सांगायचं तर त्या वस्तूचं नाव घ्या आणि पुढे ‘पेजुसेयो’ लावा. ही वाक्यं कोरियन अक्षरांत लिहून एक कार्ड पर्समध्ये ठेवा. गर्दीच्या वेळी बोलण्यापेक्षा कार्ड पुढे केलेलं त्यांनाही बरं पडतं.

पाकिटांवर आणखी एक आधार मिळतो. घटकांच्या यादीच्या शेवटी वेगळ्या चौकटीत अ‍ॅलर्जीकारक पदार्थ लिहावेच लागतात आणि शेवटी ‘हाम्यू’ म्हणजे ‘आहे’ असा शब्द असतो. अंडं, दूध, कोळंबी, खेकडा, डुक्कर, गाय, कोंबडी, शिंपल्या हे सगळं तिथे सापडतं. पण नीट लक्षात ठेवा: त्या सक्तीच्या यादीत मॅकरेल हा मासा आहे, म्योल्ची नाही. त्यामुळे चौकट कोरी दिसली तरी वरची बारीक अक्षरांतली यादी वाचायचीच. सुरुवातीला पापागो या अ‍ॅपचा कॅमेरा मदतीला घ्या, मात्र तो एकजॉतचं भाषांतर कधी ‘सॉस’ असं गुळमुळीत करून टाकतो. तिथे तुमचे डोळेच कामाला येतील.

बाहेर खाताना पदार्थागणिक अडचण वेगळी. बिबिंबाप सगळ्यात सोपा: भातावर भाज्या, वर गोचुजांग ही लाल मिरचीची आंबवलेली पेस्ट. त्यात मांस आणि अंडं वगळायला सांगा, आणि गोचुजांग साधी आहे की मांस घालून परतलेली, हे विचारा. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भाताचा रोल. त्यातून हॅम, खेकड्याच्या नावानं मिळणारी माशाची कांडी, ओमुक म्हणजे माशाची वडी आणि अंड्याची पट्टी असं सगळं काढायला लावलं तर उरतो भात, गाजर, पालक आणि पिवळा मुळा. तोही वाईट लागत नाही. त्वकबोकी, म्हणजे तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या कांड्या, दिसायला निर्धोक, पण तिच्यात ओमुक असतो आणि पाणी म्योल्चीचं. द्वेनजांग ही सोयाबीनची आंबवलेली पेस्ट मुळात शाकाहारी, तिचं जिगे नावाचं कालवण मात्र बहुधा नाही. नेंगम्योन या थंड शेवयांचा रस्सा बहुतेक गोमांसाचा असतो. उन्हाळ्यात कोंगगुकसू मागा: गार सोयादुधातल्या गव्हाच्या शेवया, वर काकडी, मीठ आपल्या हातानं. लाल भोपळ्याची होबाकजुक आणि लाल बियांची पातजुक या लापशा पोटाला हलक्या. थंडीत रस्त्यावर भाजलेली रताळी आणि चेस्टनट मिळतात. होतॉक हा गुळपोळीचा दूरचा नातेवाईक. आत तपकिरी साखर, दालचिनी, दाणे, आणि पहिल्या घासाला पातळ पाक हमखास हनुवटीवर सांडतो. माशाच्या आकाराचा बुंगॉपांग बघून घाबरू नका, आत लाल बियांचं पुरण असतं. पण त्याच्या पिठात अंडं असू शकतं, तेवढं तुम्ही विचारून घ्या.

तुमच्या परिचयातलं कुणी कांदा-लसूण न खाणारं असेल तर त्यांना सांगा, बौद्ध मठांचं सात्त्विक खाणं, साछाल उमशिक, कोरियातच आहे. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय लसूण, कांद्याची पात, लसणाची पात असे पाच उग्र पदार्थ वर्ज्य. गंमत म्हणजे त्या पाचांतला एक हुंगगॉ, म्हणजे आपलं हिंग. सोलमध्ये जोग्येसा मठाच्या परिसरात असं जेवण मिळतं. सुवॉनहून दिवसाची सहल होते.

आता भात. तो गिचका असतो हे अर्धसत्य आहे. कोरियन तांदूळ आखूड आणि चिकट दाण्याचा, पण मावळात राहून तुम्ही इंद्रायणी खाल्लाच असेल, तर त्याच्या शेजारी हा फार परका वाटणार नाही. वरणभात, दहीभात, मऊ खिचडी त्याची झकास होते. बिघडतं ते पाण्यानं. आपल्या सवयीनं एकाला दोन वाट्या पाणी घातलं की लापशी झाली म्हणून समजा. एका वाटीला सव्वा वाटी पाणी, तांदूळ तीनदा धुवून अर्धा तास भिजत ठेवायचे. शरद ऋतूत नवा तांदूळ येतो, त्यात ओल जास्त, तेव्हा पाणी आणखी दोन-तीन चमचे कमी. मसालेभात किंवा पुलाव मात्र या तांदळात करू नका. त्यासाठी लांब दाण्याचा तांदूळ परदेशी वस्तूंच्या दुकानातून आणा.

तिथले विजेचे प्रेशर राइस कुकर उत्तम असतात, कोरियनमध्ये बोलतातसुद्धा. सोबतचा कप १८० मिलिलिटरचा असतो. भांड्यातल्या रेषा त्या कपाच्या हिशेबानं आहेत, तुमच्या वाटीच्या नव्हे. बहुतेकांचा पहिला भात इथेच चुकतो. त्याच कुकरमध्ये तुरीची डाळ शिजते, पण पाण्यासकट भांडं एक-तृतीयांशाच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला. नाहीतर फेस वाफेच्या झडपेत जाऊन वाळतो आणि मग शिट्टीच्या जागी झाकणावरून पिवळे ओघळ. ‘मानुंगजिम’ असं लिहिलेलं बटण असतं, त्यावर वेळ आपण लावायची: भिजवलेल्या डाळीला ३० ते ४० मिनिटं.

आपला शिट्टीचा कुकरही न्या, पण आधी नवऱ्याला घरातली शेगडी बघायला सांगा. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर तिथे शोभेची वस्तू. फ्रिजवरचं लोहचुंबक कुकरच्या आणि तव्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटलं तर चालेल. रबरी रिंगा दोन, सेफ्टी व्हॉल्व्ह एक आणि जास्तीची शिट्टी बरोबर ठेवा, आपल्या मापाच्या तिथे मिळत नाहीत. इंडक्शनवर फुलके आचेवर फुगणार नाहीत; तव्यावरच फडक्यानं दाबत फुगवायची सवय इथूनच करून जा. गॅस असेल तर भिंतीवर नळीची वेगळी चावी असते, ती स्वयंपाक झाला की बंद करायची.

वीज तिथे २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मिक्सरच्या मोटरीला त्या हर्ट्झच्या फरकाचं सोयरसुतक नसतं, तो नीट चालतो. टेबलावरचा वेट ग्राइंडर मात्र नेऊ नका. त्याची मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, म्हणजे पाचवा हिस्सा जास्त वेगानं, आणि तापते. सॉकेट खोलगट गोल असतं, अर्थिंग त्याच्या कडेच्या पट्ट्यांना. आपल्या तीन पिनांच्या प्लगला असं अडॅप्टर घ्या जे ही अर्थिंग जोडतं. स्वस्तातली अडॅप्टरं दोन पिना जोडतात आणि तिसरी हवेत सोडतात.

पिठांच्या बाबतीत एकच मोठी चूक होते, आणि ती जवळपास प्रत्येकाकडून होते. तांदळाची पिठी म्हणून हाताला लागेल ते पाकीट उचललं जातं. तिथे दोन पिठं शेजारी-शेजारी मांडलेली असतात: मेप्सालगारू आणि छाप्सालगारू. पहिलं रोजच्या तांदळाचं, दुसरं चिकट तांदळाचं. छाप्सालची भाकरी थापायला गेलात तर परातीत डिंक तयार होईल, हात सोडवता येणार नाहीत. मेप्सालचं कोरडं पीठ एक वाटी असेल तर एक वाटी उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं. भाकरीही होते आणि मोदकाची उकडही. फ्रीजरमध्ये मिळणारी पिठी भिजवून दळलेली, म्हणून ओलसर असते. तिला पाऊण वाटीहूनही कमी पाणी पुरतं. आणि गिरणीतून आणलेल्या अशा पिठीत मीठ आधीच असू शकतं, चव बघून घाला.

कणीक, बेसन, तूर आणि उडीद डाळ साध्या मार्टात मिळणार नाही. ती सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीच्या आसपास, आन्सानच्या वॉनगोक-दोंगमध्ये आणि परदेशी कामगारांची वस्ती असलेल्या बहुतेक शहरांतल्या आशियाई दुकानांत मिळते. घरपोच मागवायचीही सोय आहे. कोरियन मार्टात मात्र तुमच्या ओळखीचं बरंच काही वेगळ्या नावानं बसलेलं असतं. नोकदू म्हणजे मूग, गॉपी नोकदू म्हणजे सालं काढलेली मूगडाळ. ब्यॉन्गारीकोंग, शब्दशः ‘कोंबडीच्या पिल्लाचे दाणे’, म्हणजे काबुली चणे. सुकजू म्हणजे मोड आलेले मूग, लांब शेपटीचे. कोंगनामुल सोयाबीनचे, पिवळ्या डोक्याचे. एहोबाकची भाजी दुधी-दोडक्याच्या मधली. गाजी हे लांबट वांगं, भरीत छान, भरली वांगी नाहीत. कोथिंबीर म्हणजे गोसू, ती जपूनच वापरावी लागेल. लसणाच्या पातीसारखी बुछू मात्र मुबलक. भिजवलेली मूगडाळ वाटून तिथे बिंदेत्तॉक करतात. बाजारातल्यात डुकराचं मांस असतं. घरी सुकजू आणि बुछू घालून केलंत की ते आपलं धिरडंच. पेरिलाच्या बियांची पूड, दुलकेगारू, कारळ्याच्या चटणीची जागा बऱ्यापैकी चालवते. गोचुगारूला रंग ब्याडगीसारखा, तिखटपणा बेताचा. मार्टात तिखटाचं पाकीट मोठं बघून दचकू नका, तेवढं लागतंच.

दह्यासाठी विरजण नेऊ नका. साधं योगर्ट घ्या, पण डब्यावर ‘मुगादांग’ म्हणजे बिनसाखर हा शब्द बघून. बरीच योगर्टं गोड असतात. एक लिटर दूध उकळून कोमट झालं की दोन चमचे घाला. हिवाळ्यात ऑनदोलची जमीन, म्हणजे खालून गरम पाण्याच्या नळ्यांनी तापवलेली फरशी, आयती उब देते. टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, सहा ते आठ तासांत लागतं. राइस कुकरच्या ‘बोऑन’ म्हणजे गरम ठेवायच्या बटणावर लावू नका. तिथे तापमान सत्तर अंशांच्या आसपास असतं, विरजण मरतं आणि सकाळी दूध तसंच असतं. तूप घरी कढवा: ‘मुयॉम’ म्हणजे बिनमिठाचं लोणी. ‘गागोंग’ लिहिलेलं घेऊ नका, त्यात इतर तेलं मिसळलेली असतात आणि बेरीच जास्त निघते. ४५० ग्रॅमच्या वडीचं साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप होतं. पनीर नसेल तेव्हा दुबू, म्हणजे टोफू. भुर्जीला ‘बुछिमयोंग’ घ्या, तो घट्ट. ‘जिगेयोंग’ रश्श्यात टाकायचा, तो तव्यावर पाणी सोडतो.

तर सासूबाईंची यादी. हिंग, गोडा मसाला, हळद, मेतकूट, आमसुलं, किलोभर गूळ, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र आणि पहिल्या पंधरा दिवसांपुरती दोन किलो डाळ, दोन किलो कणीक. बस. सगळं पॅकबंद, लेबल असलेलं, शक्यतो दळलेलं. कढीपत्त्याच्या डहाळ्या, आंबे, कुठलीही ताजी फळं, पेरता येतील अशा बिया, दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ बॅगेत नकोत. जे आहे ते विमानतळावर अर्जात लिहून दाखवा. मसाल्यात खसखस घालू देऊ नका. ते अफूच्या झाडाचं बी आहे आणि कोरियात त्या झाडाबाबतचा कायदा फार कडक आहे. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध यांचंही तसंच. नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, आणि परवानगी लागते का ते निघण्याआधी विचारून घ्या.

वासाची धास्ती वाजवीपेक्षा जास्त आहे. छॉनगुकजांग नावाचं आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण ज्या घरात शिजतं, त्यांनी आपल्या फोडणीला नावं ठेवायची म्हणजे कमालच. वरचा पंखा फोडणीच्या दोन मिनिटं आधी सुरू करा, बेडरूमचं दार लावा, जाड कोट स्वयंपाकघराच्या वाटेवर टांगू नका, त्यात वास आठवडाभर राहतो. खरी भांडणं होतात ती आवाजावरून. छुंगगान सोऊम, म्हणजे वरच्या मजल्याचा आवाज, हा तिथे कायद्याचा विषय आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ निकष आणखी कडक. फरशीवर खलबत्ता नको; दाण्याचं कूट दिवसाउजेडी मिक्सरवर. मिक्सरखाली जाड रबर ठेवा. आणि तुमची पाच वर्षांची मुलगी धावणारच, तेव्हा बैठकीच्या खोलीत फोमच्या जाड चटया पहिल्या आठवड्यातच अंथरा.

शाळेचं जेवण. या वयाला ऑरिनीजिप म्हणजे पाळणाघर-बालवाडी किंवा युछिवॉन म्हणजे बालवाडी; वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. दोन्हीकडे दुपारचं जेवण तिथलंच, आणि महिन्याच्या सुरुवातीला शिकदानप्यो म्हणजे जेवणाचा तक्ता घरी येतो. तो नीट वाचला तर अर्धी चिंता मिटते. सहसा प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात, ते ठरलेले आहेत: १ अंडं, २ दूध, ५ सोयाबीन, ६ गहू. तुम्हाला टाळायचे ते ७ मॅकरेल, ८ खेकडा, ९ कोळंबी, १० डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूळ, १८ शिंपल्या. किमचीपुढे ९ दिसेल, ते सेउजॉतमुळे. तक्ता आला की लाल पेनानं हे आठ आकडे गोल करा, त्या दिवसांचा डबा घरून द्या. रस्सा म्योल्चीचा असेल तर आकड्यात दिसणार नाही, म्हणून सूप सरसकट नको असं सॉन्सेंगनिमना, म्हणजे बाईंना, लिहून द्या. ‘धर्मामुळे नको’ की ‘आवडत नाही’ हे स्पष्ट लिहा. आवडीनिवडी तिथे प्रेमानं मोडायचा प्रयत्न होतो, नियम मात्र पाळला जातो.

नवऱ्याला कंपनीच्या होएशिकचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं, बोलावणं येईल. बहुधा तव्यावरचं डुकराचं मांस आणि सोजू. टाळत राहण्यापेक्षा आधी सांगून जावं. भात, पानं, भाजलेली लसूण, मशरूम आणि अंड्याचं ग्येरानजिम यांवर त्याचं निभेल, फक्त ग्येरानजिममध्ये म्योल्चीचं पाणी नाही हे विचारून. भात चमच्यानं खातात, वाटी उचलत नाहीत, आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोवत नाहीत, ते श्राद्धाचं चिन्ह आहे. दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, एवढं सांभाळलं की बाकी चुका माफ.

कचऱ्याचं शिक्षण सक्तीचं समजा. साधा कचरा जोंगन्यांगजे बोंगथू या ठरावीक पिशव्यांतच, आणि त्या त्या-त्या महापालिकेच्या. सोलची पिशवी सुवॉनला चालत नाही. ही पद्धत १९९५ पासून आहे. खरकटं वेगळं, बऱ्याच सोसायट्यांत कार्ड टेकवलं की झाकण उघडणाऱ्या आणि वजनावर पैसे लावणाऱ्या डब्यात. त्याचं खत आणि पशुखाद्य होतं, म्हणून कसोटी एकच: जनावर खाईल का? भाताचं शीत, भाजीचे देठ, कलिंगडाचं साल तिकडे. कांद्या-लसणाची सालं, नारळाची करवंटी, आंब्याची कोय, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं मात्र साध्या कचऱ्यात. पाणी निथळून टाका, वजन कमी भरतं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, सोसायटीत त्याचं वेगळं पिंप असतं.

मोठी मार्ट महिन्यातून दोन दिवस बंद ठेवावीच लागतात, बऱ्याच शहरांत दुसरा आणि चौथा रविवार. सॉल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसॉक म्हणजे सुगीची पौर्णिमा, या सणांना तीन-तीन दिवस घरपोच माल थांबतो, दूध-भाजी आधी भरा. छुसॉक २०२४ साली १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीलाच आलं होतं. २०२५ साली ६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या दिवशी. त्या आठवड्यात दुकानांत सोंगप्यॉन मिळतात: मेप्सालच्या उकडीचे, तिळाचं किंवा डाळीचं सारण भरून पाइनच्या पानांवर वाफवलेले. मुलीला मोदकाची आठवण आली तर तेवढ्यावर भागेल.

कागदांमध्ये दोनच गोष्टी सांगतो. पहिली इथेच करायची असते. लग्नाच्या आणि मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल करून घ्या. तिथून ते करणं म्हणजे टपाल आणि मनस्ताप. पोचल्यावर ९० दिवसांत परकीय नागरिक नोंदणी करावी लागते, तिची वेळ हायकोरिया या संकेतस्थळावर आधी घ्यावी लागते, म्हणून वेळ लवकर पकडा. नोकरदाराच्या आरोग्य विम्यात आई-वडिलांसाठी सहा महिने थांबावं लागतं, पत्नी आणि अल्पवयीन मुलांना ती अट नाही. दुसरी गोष्ट नावाची. आपलं नाव तीन शब्दांचं, त्यात नवऱ्याचं नाव मध्ये. नोंदणीच्या कार्डावर ते ज्या क्रमानं, ज्या मोकळ्या जागांसह छापलं असेल तसंच बँकेत आणि फोन कंपनीत लिहून घ्या. एका जागेचा फरक पडला तरी मोबाइलवरची ओळख-पडताळणी फेल होते, आणि तिच्याशिवाय किराणा मागवणंही अडतं. काही अडलं तर परकीयांसाठीचा १३४५ हा क्रमांक, आजारपणाला ११९.

दिवसभर घरात काय करू, या प्रश्नाला उत्तर तुमच्या गावातलं गजोक सेंटर, म्हणजे कुटुंब केंद्र. तिथे परदेशातून आलेल्या बायकांसाठी कोरियनचे वर्ग भरतात आणि वर्गातल्या निम्म्या जणी तुमच्यासारख्याच घर लावून आलेल्या असतात. तुमच्या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, तेव्हा सकाळचे तीन तास तिथे घालवणं शहाणपणाचं. शब्द जिभेवर बसायला मात्र कोपऱ्यावरची खानावळ बरी. तिथल्या बाईला हाक मारताना कोरियन माणसं ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. अगदी तरुण मुलीला ते म्हणू नका, तिला ‘योगियो’ पुरे.

आणि शेजाऱ्यांचं. नव्या घरात आल्यावर आजूबाजूला लाल बियांचा वाफवलेला केक वाटायची तिथे जुनी रीत आहे, इसात्तॉक म्हणतात. अपार्टमेंटांत ती मागे पडत चाललीय, पण अजून कुणी दार वाजवून काही दिलं तर लोक खुलतात. आपले लाडू त्यांना फार गोड होतात. चिवडा न्या, तिखट बेताचं ठेवून. पहिला डबा खालच्या मजल्यावर द्या, आणि मुलीला बरोबर घेऊन जा.